संगणकाचा बॅच क्रमांक

उरण तालुक्यातील न्हावा-शेवा बंदर रायगडकरांच्या रोजच्या परिचयाचे आहे. २६ मे १९८९ रोजी हे बंदर राष्ट्रार्पण झाले. तेव्हापासून देशाच्या कंटेनर वाहतुकीचा फार मोठा भार ते वाहत आले आहे. या बंदरातील एका टर्मिनलचे काम २७ जून २०१७ रोजी, मंगळवारी, एकाएकी ठप्प झाले. त्या दिवशी वादळ नव्हते, संप नव्हता, क्रेनही मोडलेल्या नव्हत्या. बंद पडले होते ते संगणक. कोणता कंटेनर कोठे ठेवला आहे, तो कोणत्या जहाजावर चढवायचा आणि कोणत्या ट्रकच्या स्वाधीन करायचा, हे सारे संगणकाच्या आधारे चालते. तो आधार गेल्यावर कागद-पेन्सिल घेऊन काम करण्याची पाळी आली. जहाजे इतर टर्मिनलांकडे वळवावी लागली, आणि अडकून पडलेल्या ट्रकांसाठी बंदर प्रशासनाला वाहनतळाची वेगळी सोय करावी लागली.

हे टर्मिनल गेटवे टर्मिनल्स इंडिया ही कंपनी चालवीत असे. डेन्मार्कच्या मर्स्क समूहातील एपीएम टर्मिनल्स आणि भारत सरकारची कंटेनर कॉर्पोरेशन यांची ती भागीदारी. ‘नॉटपेट्या’ या घातक आज्ञावलीचा रायगडशी काही संबंध नव्हता. युक्रेनमध्ये हिशेब आणि करभरणा यांसाठी वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या अद्ययावत प्रतीतून ती बाहेर पडली, मर्स्कच्या जाळ्यात शिरली आणि काही तासांत न्हावा-शेव्याच्या धक्क्यापर्यंत पोहोचली. या प्रकारात २५ ते ३० कोटी डॉलरचे नुकसान झाल्याचे मर्स्कने जाहीर केले. दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले, असे त्या कंपनीच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोस येथे सांगितले.

वैद्यांनी आणि औषधालयचालकांनी या घटनेतील एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. नॉटपेट्याने पसरण्यासाठी जे मार्ग वापरले, त्यांपैकी एक प्रमुख मार्ग विंडोजमधील एक त्रुटी हा होता. ही त्रुटी गुप्त राहिलेली नव्हती. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी तिची जाहीर नोंद केली होती आणि त्याच दिवशी दुरुस्तीही विनामूल्य दिली होती. मार्चची १४ ते जूनची २७ म्हणजे १०५ दिवस. इतका काळ औषध मांडणीवर होते. आपल्या संगणकाला ते लागू पडते काय, आणि लागू पडत असल्यास ते दिले गेले आहे काय, एवढाच प्रश्न विचारायचा होता. प्रस्तुत लेखाचा विषय हा प्रश्न आणि तो विचारण्याची रीत एवढाच आहे.

दवाखाना लहान, म्हणून निर्धास्त?

‘बंदराचे ठीक आहे; आमच्या दवाखान्यातील एका संगणकाकडे कोण फिरकणार?’ अशी शंका साहजिकच येईल. तिचे उत्तर इंग्लंडमधील घटनेने दिले आहे. न्हावा-शेव्याच्या प्रकारापूर्वी सहा आठवडे, १२ मे २०१७ रोजी, ‘वॉनाक्राय’ नावाची खंडणीखोर आज्ञावली याच त्रुटीतून जगभर पसरली. संगणकातील फाइली कुलूपबंद करून ती त्या सोडविण्यासाठी ३०० डॉलरची मागणी करीत असे. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेला तिचा मोठा तडाखा बसला. तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये अहवाल दिला. त्यानुसार २३६ पैकी किमान ८१ रुग्णालय-संस्थांना या हल्ल्याची झळ पोहोचली आणि एकूण १९,००० हून अधिक भेटी व शस्त्रक्रिया रद्द झाल्या असाव्यात. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आकडा मात्र वेगळाच आहे. बाधित संस्थांत ५९५ लहान दवाखाने होते, म्हणजे तेथील कुटुंबवैद्यांची ठिकाणे. अहवालात हेही नमूद आहे की बाधित झालेल्या सर्व संस्थांमध्ये विंडोजची एकतर दुरुस्ती न केलेली अथवा मुदत संपलेली आवृत्ती होती.

अशी आज्ञावली माणूस पाहून येत नाही. जेथे दार उघडे सापडते तेथे ती शिरते. आपल्या दवाखान्यातील संगणकात दहा-पंधरा वर्षांचे केसपेपर असतात, प्रकृतिपरीक्षणाच्या नोंदी असतात, पंचकर्माचे तपशील असतात. औषधालयात खरेदी-विक्री, उधारी, साठा आणि वस्तू-सेवा कराचे हिशेब असतात. हे सारे एका सकाळी उघडेनासे झाले तर समोर बसलेल्या जुन्या रुग्णाला ‘मागच्या वेळी काय दिले होते?’ असे विचारण्याची वेळ वैद्यावर येईल.

लक्षण नसलेला दोष

संगणक व्यवस्थित चालतो आहे, कोठे अडत नाही, मग त्यात दोष कसा असेल, अशी आपली समजूत असते. परंतु सुरक्षेतील त्रुटी आणि संगणकाचा बिघाड या भिन्न गोष्टी आहेत. बिघाडाला रूप असते. यंत्र मंदावते, बंद पडते, चुकीचे उत्तर देते. त्रुटीला रूप नसते आणि पूर्वरूपही नसते. आयुर्वेदाच्या परिभाषेत तिला खवैगुण्य म्हणता येईल. स्रोतसात वैगुण्य असते, परंतु प्रसर पावलेला दोष तेथे येऊन स्थानसंश्रय करीपर्यंत रुग्णाची काही तक्रार नसते. म्हणून संगणकाला ‘काय होते?’ असे विचारून ही परीक्षा होत नाही. ती नोंदी पडताळूनच करावी लागते.

अशी पडताळणी औषधालयचालकांना नवी नाही. एखाद्या उत्पादकाने सदोष औषध परत मागविले, तर आपण केवळ औषधाचे नाव पाहत नाही. एकाच नावाच्या शंभर बाटल्यांतून पत्रातील बॅच क्रमांकाच्या बाटल्या वेगळ्या काढतो आणि निर्मितीची तारीख पाहतो. संगणकाच्या बाबतीत नेमके हेच करावयाचे असते. ‘आमच्याकडे विंडोज दहा आहे’ एवढे सांगणे म्हणजे ‘आमच्याकडे त्रिफळा चूर्ण आहे’ एवढेच सांगणे होय. त्याचा बॅच क्रमांक कोणता, हा खरा प्रश्न आहे.

त्रुटींची नोंद कोठे होते

१९९९ सालापासून अमेरिकेतील माइटर ही संस्था उघडकीस आलेल्या त्रुटींना क्रमांक देण्याची पद्धत चालविते. या क्रमांकाला सीव्हीई असे म्हणतात. त्यात वर्ष आणि अनुक्रम असतो. वर वर्णिलेल्या प्रसाराशी निगडित त्रुटीचा क्रमांक सीव्हीई-२०१७-०१४४ असा आहे. हा क्रमांक जगभर एकच असतो. वनस्पतीला प्रांतोप्रांती वेगवेगळी नावे असली तरी शास्त्रीय नाव एकच असते, तसाच हा प्रकार आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय त्रुटी-संग्रहात अनेक क्रमांकांसमोर बाधित आवृत्त्या आणि शून्य ते दहा या मापावरील तीव्रता दिलेली असते. सात ते ८.९ म्हणजे उच्च, नऊ आणि त्यापुढे म्हणजे अतिगंभीर.

आपल्या देशात हे काम जानेवारी २००४ पासून ‘सर्ट-इन’ ही केंद्र सरकारची संस्था करते. तिच्या संकेतस्थळावर त्रुटी-टिपा प्रसिद्ध होतात. त्यांचा क्रमांक सीआयव्हीएन या अक्षरांनी सुरू होतो. प्रत्येक टिपेत तीव्रता, बाधित सॉफ्टवेअर, दोषाचे स्वरूप आणि उपाय यांची स्वतंत्र कलमे असतात. इंग्रजीचा बेताचा सराव असणाऱ्यासही ‘बाधित सॉफ्टवेअर’ हे कलम वाचता येते. याखेरीज अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने नोव्हेंबर २०२१ पासून आणखी एक यादी सुरू केली आहे. प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या गेल्याचे आढळलेल्या त्रुटीच तीत असतात. दरवर्षी हजारो त्रुटी नोंदल्या जातात. त्या सर्वांची चिंता वाहणे कोणालाच शक्य नाही. या यादीत आपली प्रणाली आढळली, तर मात्र विलंब करू नये.

पडताळणीची रीत

प्रथम आपली आवृत्ती जाणून घ्यावी. विंडोजचे चिन्ह असलेली कळ दाबून ठेवून आर हे अक्षर दाबावे. उघडलेल्या चौकटीत डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर ही सहा अक्षरे सलग लिहून एंटर करावे. एक लहानशी चौकट उघडते. विंडोज दहाच्या शेवटच्या आवृत्तीत तेथे २२एच२ असे आवृत्तीचे नाव आणि १९०४५ हा बिल्ड क्रमांक दिसतो. त्यापुढे टिंब देऊन आणखी काही अंक असतात, आणि आपला बॅच क्रमांक तोच. दर महिन्याच्या दुरुस्तीनंतर तो वाढतो. आवृत्ती, बिल्ड आणि टिंबापुढचे अंक असे तिन्ही वहीत लिहून घ्यावेत. भ्रमणध्वनीवर रुग्णांची माहिती असल्यास सेटिंग्जमधील ‘अबाउट फोन’ येथे अँड्रॉइडची आवृत्ती आणि शेवटच्या सुरक्षा-दुरुस्तीची तारीख पाहावी.

नंतर सर्ट-इनच्या टिपेशी अथवा उत्पादकाच्या सूचनेशी ताडून पाहताना तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. आपली आवृत्ती बाधितांत आहे काय? ज्या भागात दोष आहे तो भाग आपल्या संगणकात चालू आहे काय? आणि दुरुस्ती बसविली गेली आहे काय?

एक उदाहरण घेऊ. १४ मे २०१९ रोजी सीव्हीई-२०१९-०७०८ ही त्रुटी जाहीर झाली. ‘ब्लूकीप’ या नावाने ती ओळखली जाते आणि तिची तीव्रता ९.८ आहे. दुरून संगणक हाताळण्याच्या विंडोजच्या सेवेत हा दोष आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर : विंडोज सात बाधित आहे, विंडोज आठ आणि दहा बाधित नाहीत. म्हणजे दहा वापरणाऱ्याची या त्रुटीपुरती सुटका झाली. दुसरा प्रश्न : सातवर ही सेवा मुळात बंद असते, परंतु हिशेबाचे काम घरून पाहता यावे म्हणून कोणी ती चालू करून दिली असेल, तर धोका खरा. तिसरा प्रश्न : कंट्रोल पॅनेलमधील बसविलेल्या दुरुस्त्यांच्या यादीत केबी४४९९१६४ अथवा केबी४४९९१७५ हा क्रमांक आहे काय? येथे एक खबरदारी घ्यावी. मासिक एकत्रित दुरुस्तीत मागील महिन्यांच्या दुरुस्त्या समाविष्ट असतात. म्हणून नेमका हा क्रमांक न दिसता त्यानंतरच्या महिन्याची एकत्रित दुरुस्ती दिसली, तरी हे औषध पोटात गेले आहे असे समजावे.

यादीतील मौनाचा अर्थ

येथपर्यंतची रीत सरळ आहे. चूक होते ती पुढे. आपल्या आवृत्तीचे नाव बाधितांच्या यादीत आढळले नाही, म्हणजे आपण सुरक्षित, असा निष्कर्ष आपण काढतो. तो काही वेळा पूर्णपणे चुकीचा ठरतो.

मार्च २०१७ ची ती सूचना पुन्हा पाहावी. बाधितांच्या यादीत व्हिस्टा होते, सात होते, ८.१ होते, दहा होते. एक्सपीचे नाव नव्हते. १५ मार्चला एखाद्या एक्सपीधारकाने ती यादी वाचली असती, तर तो समाधानाने झोपला असता. वस्तुस्थिती अशी होती की तोच दोष एक्सपीतही होता. एक्सपीची मुदत ८ एप्रिल २०१४ रोजी संपलेली असल्यामुळे त्या सूचनेत तिचा विचारच केलेला नव्हता. १२ मे रोजी वॉनाक्रायने हाहाकार माजविल्यावर मायक्रोसॉफ्टने अपवाद म्हणून एक्सपीसाठी दुरुस्ती दिली, तेव्हा ही गोष्ट सर्वांना कळली.

यादीतील मौनाचे असे दोन अर्थ संभवतात. मुदतीतील प्रणालीविषयीचे मौन म्हणजे ‘तपासले, दोष आढळला नाही’. मुदत संपलेल्या प्रणालीविषयीचे मौन म्हणजे ‘तपासलेच नाही’. मुदत उलटलेल्या औषधाच्या बॅचविषयी परतीचे पत्र आले नाही, म्हणून ते औषध कोणी रुग्णाला देत नाही. म्हणून कोणतीही यादी उघडण्यापूर्वी पहिला प्रश्न मुदतीचा विचारावा.

त्या तारखा ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. विंडोज सातची मुदत १४ जानेवारी २०२० रोजी संपली, ८.१ ची १० जानेवारी २०२३ रोजी आणि विंडोज दहाच्या सर्वसाधारण आवृत्त्यांची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. दहासाठी घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव सुरक्षा-योजना जाहीर झाली, परंतु तीत स्वतः नोंदणी करावी लागते. विंडोज अकरा घेतलेल्यांनीही निश्चिंत राहू नये. तिच्या होम आणि प्रो प्रकारांतील प्रत्येक वार्षिक आवृत्तीला २४ महिन्यांचीच मुदत असते. २२एच२ ची ८ ऑक्टोबर २०२४ रोजी आणि २३एच२ ची ११ नोव्हेंबर २०२५ रोजी संपली. नाव ‘अकरा’च राहते, पण बॅच जुनी होते.

काही प्रचलित समजुती

‘अँटिव्हायरस आहे, मग पुरे.’ अँटिव्हायरस हा पहारेकरी आहे. भिंतीतील भगदाड बुजविणे हे त्याचे काम नव्हे. दोहोंची गरज असते.

‘तो संगणक इंटरनेटला जोडलेलाच नाही.’ परंतु दवाखान्यातील इतर संगणकांशी तो जोडलेला असतो, आणि पेनड्राइव्हची ये-जा तर चालूच असते. नॉटपेट्याचा दुसरा मार्ग येथे आठवावा. एका संगणकात शिरल्यावर ती त्याच्या स्मृतीतील परवलीचे शब्द उचलून त्यांच्या आधारे दुरुस्ती केलेल्या संगणकांतही शिरत असे. औषधालयाच्या कोपऱ्यात केवळ बिले काढण्यासाठी ठेवलेला जुना संगणक साऱ्या जाळ्याचा दुबळा दुवा ठरतो तो असा. पडताळणी एकूणएक संगणकांची करावी.

‘दुरुस्त्या चालू ठेवल्या की संगणक मंदावतो.’ या तक्रारीमुळे किंवा विंडोजची प्रत अधिकृत नसल्यामुळे, संगणक बसवून देणारे कारागीर अनेकदा दुरुस्त्यांची सोयच बंद करून ठेवतात. मालकाला त्याचा पत्ता नसतो. टिंबापुढचे अंक तीन-तीन महिने बदललेले नसतील, तर असेच काही घडले असल्याचा संशय घ्यावा.

नवी प्रणाली घेणे शक्य नसेल तर

बिलाचे जुने सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही, किंवा संगणकच नवी विंडोज पेलू शकत नाही, ही अडचण खरी आहे. तेथे निदानपरिवर्जनाचा मार्ग उरतो. असा संगणक इंटरनेटपासून आणि इतर संगणकांपासून तोडावा. फाइली वाटून घेण्याची एसएमबी ही सोय जुन्या पहिल्या आवृत्तीत चालू असल्यास जाणकाराकडून बंद करून घ्यावी. दुरून हाताळण्याची सेवा बंद ठेवावी. त्यावर ई-मेल उघडू नये. रुग्णांची माहिती दुसऱ्या संगणकावर हलवावी. हे सारे तात्पुरते पथ्य आहे, चिकित्सा नव्हे.

आणि प्रत काढून ठेवावी. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड किनाऱ्यावरील अनेक गावे दिवसेंदिवस अंधारात होती. त्या अनुभवाने कागद आणि यंत्र या दोहोंचा भरवसा किती, हे आपल्याला शिकविले आहे. खंडित विजेची एक गंमत मर्स्कच्या कथेतही आहे. ‘वायर्ड’ या अमेरिकी नियतकालिकाने २०१८ मध्ये दिलेल्या वृत्तान्तानुसार, जाळ्याचे नियंत्रण करणाऱ्या सर्व सर्व्हरांतील माहिती जगभर पुसली गेली होती. वाचला तो घानातील एकच, कारण हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेलेली होती! त्या एका प्रतीवरून पुढील उभारणी झाली. आपण मात्र वीज जाण्याच्या योगायोगावर विसंबू नये. आठवड्यातून एकदा प्रत काढावी आणि ती डिस्क संगणकापासून वेगळी करून ठेवावी. जोडलेली राहिली, तर तीही कुलूपबंद होईल.

कर्तव्य आणि कायदा

रुग्ण आपल्यासमोर जे बोलतो ते विश्वासाने बोलतो. ते जपणे हा वैद्यधर्म आहेच, आता तो कायदाही आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहितीच्या रक्षणासाठी वाजवी खबरदारी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची कमाल मर्यादा त्यात आहे. लहान दवाखान्यावर इतका दंड होईल असे कोणी म्हणणार नाही. परंतु ‘मुदत संपलेली प्रणाली पाच वर्षे का वापरली?’ या प्रश्नाला वाजवी उत्तर देता येणे कठीण आहे.

मायक्रोसॉफ्ट आपल्या दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी देते, आपल्याकडे तेव्हा रात्र असते. म्हणून त्यानंतरचा एखादा सोयीचा दिवस प्रत्येक दवाखान्याने आणि औषधालयाने ठरवून घ्यावा. मुदतबाह्य औषधे काढण्यासाठी आपण जशी मांडणी पाहतो, तसेच त्या दिवशी प्रत्येक संगणकासमोर बसून सहा अक्षरे लिहावीत, दिसलेले अंक साठ्याच्या वहीत तारखेसह नोंदवावेत आणि मागील महिन्याच्या अंकांशी ताडून पाहावेत. एका संगणकास पाच मिनिटे पुरतात. न्हावा-शेव्याला १०५ दिवस मिळाले होते. पुढच्या वेळी किती मिळतील, हे कोणी सांगू शकत नाही.